मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती आणि वेळ किती?

मुंबईहून मध्यरात्रीनंतर १ वाजता निघणारे न्यूयॉर्कचे थेट विमान हिवाळ्यात तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेसहाच्या सुमारास उतरते, आणि तिकिटावर तारीखही तीच छापलेली असते. परतताना न्यूयॉर्कहून दुपारी १२ वाजता निघालेले विमान मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता पोचते. विमान कंपनी आणि हंगाम बदलला की या वेळा पुढेमागे होतात, पण हिशेबासाठी मी याच दोन वेळा धरणार आहे. तिकिटावरचे आकडे नुसते वजा केले, तर जायला साडेपाच तास आणि यायला पंचवीस तास लागतात असे उत्तर येते. मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेले कितीतरी आईवडील या आकड्यांपाशी अडखळतात, आणि त्यांना मिळणारे उत्तर बहुधा ‘तिकडचा टाइम वेगळा असतो’ एवढ्यावरच संपते. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. घड्याळांमधला फरक काढून टाकला तरी जायला १६ तास आणि यायला साडेचौदा तास, असा दीड तासाचा फरक उरतोच. तो कुठून आला, विमान नेमके किती किलोमीटर उडाले आणि नकाशावर पश्चिमेला दिसणाऱ्या शहराकडे जाताना ते उत्तरेकडे का वळले, या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या भूगोलात आणि थोड्या अंकगणितात सापडतात.

आधी अंतर पाहू. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान, तांबडा समुद्र आणि सहारा वाळवंट ओलांडते, अझोर्स बेटांच्या दक्षिणेकडून अटलांटिक महासागर पार करते आणि न्यूयॉर्कला टेकते. ही रेघ सरळ दिसते, पण ती जवळची नाही. आपल्या वर्गांत लागलेले अनेक नकाशे गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ मध्ये तयार केलेल्या पद्धतीवर आधारलेले असतात. ही पद्धत दर्यावर्दींच्या सोयीची होती, कारण होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून जहाज हाकले, तर त्याचा मार्ग या नकाशावर सरळ रेघेत उमटतो. या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचा प्रदेश नकाशावर भलताच ताणला जातो. ग्रीनलंड त्यावर आफ्रिकेएवढे दिसते; प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठी आहे. ज्या नकाशावर क्षेत्रफळ इतके फसवते, त्यावर पट्टीने मोजलेल्या अंतरावर विश्वास ठेवता येत नाही.

त्याऐवजी पृथ्वीचा गोल घ्यावा आणि मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरून दुसरे टोक न्यूयॉर्कवर घट्ट ओढावे. दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट शोधतो, आणि ती वाट पाहून पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास चकित होतो. दोरा सहाराच्या जवळपासही जात नाही. मुंबईहून तो उत्तरेपासून पश्चिमेकडे जेमतेम २७ अंश झुकून निघतो. पाकिस्तान, तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तानची सीमा आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग ओलांडून तो मॉस्कोच्या अगदी जवळून जातो, हेलसिंकीच्या वरून फिनलंड गाठतो, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या आसपास समुद्रावर येतो, आइसलंडवरून सरकतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ शिवतो आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून अमेरिकेच्या मेन राज्यात उतरून न्यूयॉर्कला पोचतो. वाटेत तो जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. उत्तर ध्रुववृत्त तिथून फक्त दीड अंशावर आहे. १९ अंशांवरच्या मुंबईहून निघून ४१ अंशांवरच्या न्यूयॉर्कला जाण्यासाठी ६५ अंशांवर चढणे हा वळसा वाटतो, पण वळसा नकाशाच्या कागदात आहे, पृथ्वीवर नाही.

भूगोलाच्या पुस्तकात या वाटेला बृहद्वृत्ताचा भाग म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या सुरीने गोल कापला, तर कापाच्या कडेवर जे वर्तुळ मिळते ते बृहद्वृत्त. गोलावर याहून मोठे वर्तुळ काढता येत नाही, आणि मोठ्या वर्तुळाचा कंस कमी वाकलेला असल्याने दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट नेहमी त्याच्यावरूनच जाते. किलोमीटर काढण्याची रीतही सोपी आहे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, आणि हा पूर्णांक योगायोगाने आलेला नाही, कारण फ्रेंच शास्त्रज्ञांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मीटरची लांबी ठरवली तीच मुळी ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. नेमक्या घेराला, म्हणजे सुमारे ४०,०३० किलोमीटरला, ३६० ने भागले की एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर येतात. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन बिंदूंपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत दोन रेषा नेल्या, तर त्यांच्यामध्ये ११२.७ अंशांचा कोन होतो. त्याला १११.२ ने गुणले की १२,५३० किलोमीटर मिळतात. संकेतस्थळांवर या दोन शहरांमधले ‘विमानाचे अंतर’ म्हणून जो आकडा दिसतो, तो हाच किंवा याच्या आसपासचा असतो. होकायंत्र एकाच दिशेला धरून सहारावरून गेलो असतो, तर हेच अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरले असते. म्हणजे पट्टीने काढलेल्या सरळ रेघेमागे धावण्याने १,६५० किलोमीटरहून अधिक, जवळजवळ दोन तासांचे, उड्डाण वाढले असते.

शहरे पृथ्वीच्या गोलावर एकमेकांच्या पाठीमागे असली की ही गोष्ट आणखी ठळक होते. बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत १६० अंशांचा फरक आहे, त्यामुळे त्यांच्यामधली १४,००० किलोमीटरची जवळची वाट उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडून जाते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने या मार्गावर पहिले थेट विमान नेले, तेव्हा सर्व वैमानिक स्त्रिया होत्या आणि त्यांनी ध्रुवावरची वाट निवडली होती. त्या प्रवासात विमान पूर्वेला चालले आहे की पश्चिमेला, या प्रश्नाला काही काळ अर्थच उरला नव्हता.

मात्र दोऱ्याने दाखवलेल्या वाटेवरून विमान तंतोतंत कधीच जात नाही. आकाशालाही सरहद्दी आहेत. प्रत्येक देश आपल्या भूमीवरील आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रावरील आकाशाचा मालक असतो आणि परकीय विमानाला तिथून जाण्यासाठी परवानगी लागते. मुंबई–न्यूयॉर्क दोरा पहिल्याच तासात पाकिस्तानात शिरतो, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. याआधी फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळातही ती बंद होती. पुढे दोरा रशियावरून जातो, आणि २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना मिटलेले आहे. भारतीय कंपन्यांना ते बंद झालेले नव्हते. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांना दोन वेगळ्या वाटा घ्याव्या लागू शकतात, आणि दोन वेगळे वेळही लागू शकतात. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यातील संघर्षामुळे इराण आणि इराक यांची आकाशेही काही दिवस बंद होती. आकाशाचा नकाशा असा राजकारणाप्रमाणे बदलत असतो, आणि म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या प्रवासाची वेळ आजच्या प्रवासाला जशीच्या तशी लावता येत नाही.

मग अरबी समुद्र, आखात, तुर्कस्तान आणि युरोप अशी दक्षिणेकडची वाट धरल्यास किती नुकसान होते? मला या विषयातली ही सर्वांत समाधान देणारी गोष्ट वाटते. मुंबई ते इस्तंबूल सुमारे ४,८३० किलोमीटर आणि इस्तंबूल ते न्यूयॉर्क सुमारे ८,०३०, म्हणजे एकूण १२,८६०. मॉस्को आणि हेलसिंकी सोडून पार इस्तंबूलवरून गेलो, तरी सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा ३३० किलोमीटरच, म्हणजे वीस-बावीस मिनिटेच वाढली. लंडनवरून गेलो तर ७,२०० आणि ५,५४० मिळून १२,७४० होतात, म्हणजे वाढ केवळ दोनशे किलोमीटरच्या आसपास. दुबईवरूनही १३,००० च्या आतच काम भागते. कारण असे की लांबच्या दोन टोकांमध्ये ताणलेला दोरा मधोमध बाजूला थोडा ओढला, तर त्याची लांबी फारशी वाढत नाही. वाढते ती टोकांजवळ तीव्र वळण घ्यावे लागले तर. दिल्लीच्या विमानांना पाकिस्तानच्या बंदीचा फटका मुंबईच्या विमानांपेक्षा जास्त बसला तो याचमुळे, कारण त्यांना निघाल्या निघाल्या आधी दक्षिणेकडे, अरबी समुद्राकडे यावे लागते. एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन ही थेट सेवा सप्टेंबर २०२५ पासून थांबवली, तेव्हा विमानांच्या नूतनीकरणासोबत याही बंदीचे कारण दिले होते. लंडन, इस्तंबूल किंवा दुबईला विमान बदलणाऱ्या प्रवाशाने हे लक्षात ठेवावे की त्याचा जास्तीचा वेळ वाकड्या वाटेत जात नाही. तो जातो उतरण्यात, पुन्हा चढण्यात आणि मधल्या प्रतीक्षेत.

थांबे ही एके काळी निवड नव्हती, गरज होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचे विमान मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघाले, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेले. १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ या जेट विमानाने न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, तीही लंडनमार्गे. मुंबई–न्यूयॉर्क अंतर एका दमात कापायला एअर इंडियाला २००७ साल उजाडावे लागले. तोपर्यंत वेग फार वाढला नव्हता. वाढली होती ती इंधन नेण्याची आणि ते जपून वापरण्याची क्षमता. या मार्गावर उडणारे बोइंग ७७७-३०० ईआर हे विमान जास्तीत जास्त ३५१ टन वजनासह उडू शकते आणि त्याच्या टाक्या काठोकाठ भरल्या, तर त्यांतले सुमारे १४५ टन इंधनच असते. इतके जड विमान सुरुवातीलाच फार उंच जाऊ शकत नाही. ते आधी दहा किलोमीटरच्या आसपास उडते, आणि इंधन जळून हलके होत गेले की टप्प्याटप्प्याने बारा किलोमीटरच्या दिशेने चढते. समोरच्या पडद्यावर प्रवासाच्या मध्येच उंचीचा आकडा वाढलेला दिसतो तो याचसाठी.

आता वेगाकडे येऊ. अशा विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पटीत मोजतात आणि तो साधारण ०.८४ पट असतो. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो: समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात तो ताशी १,२२५ किलोमीटर असतो, तर अकरा किलोमीटर उंचीवर, उणे ५६ अंशांच्या थंडीत, सुमारे १,०६० वर येतो. त्याच्या ०.८४ पट म्हणजे ताशी ८९० किलोमीटर. आपण सोयीसाठी ९०० धरू. १२,५३० ला ९०० ने भागले की १३ तास ५५ मिनिटे येतात. पण तिकीट तर जायला १६ तास सांगते. उरलेली दोन तासांहून अधिक वेळ वारा, वाट आणि जमीन या तिघांमध्ये वाटली गेलेली आहे, आणि त्यांत वाऱ्याचा वाटा समजून घेण्यासारखा आहे.

पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शिकलेल्या माणसांतही आढळतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून विमान वर गेले की न्यूयॉर्क आपणहून त्याच्याकडे सरकत येते आणि पश्चिमेकडचा प्रवास लवकर संपायला हवा, असा तो समज आहे. मुंबईची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते, हे खरे. परंतु मुंबईवरची हवाही तिच्याबरोबर तेवढ्याच वेगाने फिरते आणि धावपट्टीवरचे विमानही. धावत्या लोकलमध्ये वर उडी मारली, तर माणूस मागच्या डब्यात पडत नाही, तसेच हे आहे. शिवाय वर दिलेल्या तिकिटांकडे पाहिले तरी समजते की पश्चिमेकडे जाताना वेळ जास्त लागतो, कमी नाही.

तरीही पृथ्वीचे फिरणे या गोष्टीत आडवाटेने शिरतेच. विषुववृत्ताजवळची हवा तापून फुगते आणि ध्रुवाकडची थंड हवा आक्रसते. त्यामुळे दहा-बारा किलोमीटर उंचीवर उष्ण बाजूचा दाब थंड बाजूपेक्षा जास्त राहतो आणि हवा ध्रुवाकडे जायला निघते. पण फिरत्या पृथ्वीवर उत्तर गोलार्धात वाहणारी प्रत्येक गोष्ट तिच्या उजव्या हाताला वळते, म्हणून उत्तरेकडे निघालेली हवा पूर्वेकडे वळते आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारी अरुंद, वेगवान नदी बनते. हिलाच जेट प्रवाह म्हणतात. तिचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर सहज असतो आणि कधी तो तीनशेच्याही पुढे जातो. हिवाळ्यात विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातला फरक वाढतो, म्हणून हा प्रवाहही जोर धरतो. १९२० च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढून हे वारे मोजले होते. आपले काम जगभर वाचले जावे म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या नव्याने घडवलेल्या जागतिक भाषेत लिहिला, आणि नेमक्या त्याच कारणाने तो फार थोड्या लोकांनी वाचला. मला त्यांच्याबद्दल नेहमी हळहळ वाटते.

विमान हवेत उडते, म्हणजे त्याचा ९०० चा वेग हवेच्या संदर्भात असतो. हवाच पुढे धावत असेल, तर तिचा वेग विमानाच्या जमिनीवरच्या वेगात मिळतो. समोरून येत असेल, तर वजा होतो. नदीत होडी वल्हवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला केवळ ४ तास ५६ मिनिटांत पोचले, आणि जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरपलीकडे गेला. ध्वनीचा वेग मात्र त्याने ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

येथे एक बारीक पण महत्त्वाचा हिशेब आहे. जाताना वाऱ्याने अडवले आणि येताना तेवढेच ढकलले, तर फिटंफाट व्हायला हवी, असे वाटते. तशी ती होत नाही. १२,५०० किलोमीटरच्या वाटेवर सरासरी १०० किलोमीटरचा वारा धरला, तर जाताना वेग ८०० होतो आणि १५ तास ३८ मिनिटे लागतात. येताना वेग १,००० होतो आणि साडेबारा तास लागतात. एकूण २८ तास ८ मिनिटे. वारा नसता तर दोन्ही प्रवास मिळून २७ तास ४७ मिनिटांत झाले असते. अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवते आणि ढकलणाऱ्या वाऱ्यात कमी वेळ, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा थोडा मोठाच राहतो.

अर्थात वैमानिक आणि मार्ग आखणारे लोक वारा असेल तसा सोसत बसत नाहीत. जाताना जेट प्रवाह टाळण्यासाठी उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून जातात आणि येताना मुद्दाम त्यात शिरतात. उत्तर अटलांटिकवर तर रोजच्या वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर वाटा नव्याने आखल्या जातात, दिवसा युरोपातून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री उलट येणाऱ्यांसाठी. त्यामुळे काल ज्या वाटेने शेजाऱ्याचा मुलगा गेला, त्याच वाटेने आज आपण जाऊ असे नाही. किलोमीटरने लांब असलेली वाट तासांनी जवळची ठरू शकते, आणि कंपनीला इंधन तासांच्या हिशेबाने जाळावे लागत असल्याने ती बहुधा तासांनी जवळची वाट निवडते.

आता १६ तासांचा ताळा घालू. समजा बंद हद्दी आणि वारे चुकवत विमान १३,१५० किलोमीटर उडाले आणि सगळ्या वाटेवर मिळून सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून राहिला. १३,१५० ला ८५० ने भागले की साडेपंधरा तासांच्या किंचित खाली उत्तर येते. उरलेला अर्धा तास जमिनीचा. तिकिटावरची निघण्याची वेळ चाके धावपट्टी सोडतात ती नसते, विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते ती असते. आणि पोचण्याची वेळ चाके टेकतात ती नसते, विमान दरवाजाच्या जागी येऊन थांबते ती असते. मधला सगळा काळ, धावपट्टीपर्यंतची रांग धरून, विमानवाले ‘ब्लॉक टाइम’ म्हणून मोजतात, आणि वेळापत्रक करताना त्यात थोडी सैलही ठेवतात. म्हणूनच उशिरा निघालेले विमानही कधी कधी वेळेवर पोचते.

हा जमिनीवरचा वेळ लांबच्या प्रवासात फारसा जाणवत नाही, पण जवळच्या प्रवासात तोच वरचढ ठरतो. मुंबई ते गोवा हवाई अंतर सव्वाचारशे किलोमीटर आहे, ९०० च्या वेगाने अर्ध्या तासाचेही नाही, तरीही तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो. सरासरी ताशी ३४० किलोमीटर. न्यूयॉर्कच्या प्रवासात जवळच्या वाटेचे किलोमीटर धरूनही हीच सरासरी ७८० भरते. त्यामुळे अंतर दुप्पट झाले म्हणजे वेळही दुप्पट, असा त्रैराशिकाचा हिशेब विमानप्रवासाला लागू पडत नाही.

राहिला घड्याळाचा प्रश्न. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताला बांधलेले आहे, आणि ८२.५ ला १५ ने भागले की ग्रीनिचच्या पुढचे साडेपाच तास मिळतात. मुंबई मात्र ७२.९ अंशांवर आहे. तिचा स्वतःचा सूर्य ग्रीनिचच्या फक्त ४ तास ५१ मिनिटे पुढे चालतो, आणि एके काळी मुंबईची घड्याळेही त्याच्याबरोबर चालत. १ जानेवारी १९०६ पासून देशात प्रमाणवेळ आली, तरी ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ या शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. न्यूयॉर्क ७३.८ अंश पश्चिमेला आहे. दोन शहरांच्या सूर्यांमधला खरा फरक त्यामुळे ९ तास ४७ मिनिटे आहे, आणि घड्याळे तो कधीच दाखवत नाहीत: हिवाळ्यात ती साडेदहा तासांचा फरक दाखवतात आणि उन्हाळ्यात साडेनऊचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. भारतात ती वर्षभर जागची हलत नाहीत.

म्हणून तिकिटावरून प्रवासाचा खरा वेळ काढायचा असेल, तर दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळावर आणाव्यात. न्यूयॉर्कची सकाळची साडेसहाची वेळ हिवाळ्यात भारतात संध्याकाळचे ५ असते. रात्री १ पासून संध्याकाळी ५ पर्यंत १६ तास. परतीला न्यूयॉर्कचे दुपारचे १२ म्हणजे भारतातले रात्रीचे साडेदहा, आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या दुपारी १ पर्यंत साडेचौदा तास. जाताना गमावल्यासारखे काही नसते आणि येताना वाया गेल्यासारखेही काही नसते. जाताना घड्याळाने साडेदहा तास वजा केलेले असतात आणि येताना तेवढेच मिळवलेले असतात. एप्रिलमध्ये हेच विमान १ वाजता निघून १६ तासच घेत असेल, तर तिकिटावर साडेसहाऐवजी साडेसात दिसेल. विमान हळू झालेले नसते. घरी फोनची वाट पाहणाऱ्यांनी एवढा एक तास आठवणीत ठेवला, तर बरीच घालमेल वाचते.

खिडकीजवळची जागा मिळालेल्या प्रवाशाला डिसेंबरमध्ये या सगळ्याचा एक परिणाम डोळ्यांनी पाहायला मिळतो. मुंबईत डिसेंबरच्या अखेरीस सूर्य संध्याकाळी सहाच्या थोडे नंतर मावळतो. एक वाजता निघालेले विमान पश्चिमेकडे जाताना सूर्यापुढे पळत राहते, आणि त्याच्या खालच्या प्रत्येक गावात त्या क्षणी उत्तररात्र किंवा पहाटेचा अंधारच असतो. १६ तास उडूनही उजाडत नाही. विमान साडेसहाला उतरते, आणि न्यूयॉर्कचा सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तेव्हा मुंबईत पावणेसहा वाजलेले असतात आणि घरच्यांचा एक अख्खा दिवस उजाडून आता मावळायला आलेला असतो, तर प्रवाशाने मधल्या काळात सूर्य पाहिलेलाच नसतो. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतची त्याची ती रात्र २३ तास ४० मिनिटांची झालेली असते.